अकरा मिनिटं

रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला उतरले
तेव्हा रुझार मानशीच्या फळ्यांच्या फटींत
चिकणमाती दाबत बसला होता.

शाळेत एकदा वादविवाद लावला होता आमचा:
बुद्धी हवी की समाधान?
मी बुद्धीकडून तावातावानं बोलले, कप मिळाला.
समाधानाकडून रुझार.
उभा राहिला, म्हणाला, "मला अजून कळलेलं नाही,"
आणि खाली बसला.

मग दहावी. गणिताच्या पेपराच्या सकाळी
बांधाला भगदाड पडलं.
रुझार छातीभर चिखलात उभा होता, बापाशेजारी.
मी पहिली आले.
त्या एका सकाळीवर उभी आहे माझी दोनापावलाची नोकरी,
भरती-ओहोटीची कोष्टकं, ताळगावचा फ्लॅट
आणि साडेदहाला डोळा लागण्याची सवय.

भाषणं करते मी अधूनमधून. त्यात सांगते:
आमच्या गावात एक माणूस आहे,
मानस उघडतो, मानस लावतो, काळुंद्रं धरतो,
पेज जेवतो, आणि बघा, किती सुखी.
लोक माना डोलावतात.
मलाही बरं वाटतं.

आज त्यानं हात पुसले, आतून वह्या आणल्या.
बावीस. काही तर कॅलेंडरची पाठकोरी पानं शिवून केलेल्या.
एका रकान्यात माझ्या कोष्टकातली वेळ,
दुसऱ्यात पाणी खरोखर फळीला लागलं ती.

"तुझं पाणी अकरा मिनिटं आधी येतं," तो म्हणाला.
"पूर्वी सहा होती. पलीकडे जेटी बांधली तेव्हा नऊ.
मग दोन वर्षं काही नाही. मग एकदम अकरा.
का?"

मी म्हटलं, वारा असेल. गाळ असेल.
स्थानिक फरक म्हणतो आम्ही त्याला.
"वारा मी वजा केलाय,"
आणि गाळाची वही उघडून माझ्यापुढं धरली.

खाजनात कोरगुट पोटरीला आलं होतं.
मानशीपाशी पाणी चढत होतं, माझ्या हिशेबानं
कधीच चढून झालेलं.

विचारायला नको होतं, पण विचारलं:
झोप लागते तुला?
"अवसेच्या पुढंमागं नाही. पडून ऐकतो,
फळी कधी वाजते.
फिलू म्हणते, तुझ्या डोक्यात कुर्ली शिरलीय.
म्हटलं, राहू दे.
बांधात बीळ करण्यापेक्षा बरी."
आणि हसला.
मला एवढी वर्षं दुरून दिसायचं
ते हेच हसणं असणार.

परतीच्या फेरीबोटीत मांडीवर चार वह्या,
चिखलाचा वास, आणि कुणाच्या तरी पिशवीतले पाव, गरम.

साडेदहा होऊन गेले.
सव्वाबारा.
जेटी वजा केली, गाळ वजा केला,
पेन्सिलीला टोक काढायला उठले तेव्हा
कपाटावरच्या कपात हेअरपिना आणि जुन्या किल्ल्या दिसल्या.

चार मिनिटं उरतात.
कशातच बसत नाहीत.