वालांची मोजदाद

भानुशालींच्या गिरणीबाहेर, टेंभीपाड्याच्या चढावर
माझा एक फळा आहे. चार बाय तीन.
उजव्या कोपऱ्यातला पोपडा उडालाय, तिथे खडू धरत नाही,
म्हणून माझं शेवटचं वाक्य
नेहमी जरा आखूड पडतं.

समोर पहिल्या मजल्यावर परबबाई.
चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये,
कानाला हेडफोन, तोंडी एकच शब्द: जोडते.
निवृत्तीनंतर जोडायला काही उरलं नाही
तेव्हा मोजायला लागल्या.
गॅलरीत खुर्ची, मांडीवर स्टीलचं पातेलं,
खाली माणूस थांबला की एक वाल.
नुसतं बघून गेला तर नाही.
ओठ हलले पाहिजेत, निदान मान.

पहिल्या आठवड्यात अकरा.
त्यातले चार दळणासाठी खोळंबलेले.
"ते धरू नका," मी म्हटलं.
"का? पीठ पडेस्तोवर वाचलं, ते वाचणं नाही होय?"

मग त्यांनीच सुचवलं, खाली पत्ते लिही.
कन्नमवार नगरात दूध केंद्राजवळ तांडेल म्हणून एक लिहितो,
भटवाडीत शिवणकाम करणाऱ्या रुक्साना सोलकर,
मुलुंडला एक म्हातारे कंपाउंडर, नाव सांगत नाहीत.
प्रत्येकाने आपल्या फळ्याच्या तळाशी
बाकी तिघांचा ठावठिकाणा द्यायचा.
एक्स्चेंजचीच रीत,
इथली तार तिथे खुपसायची.

होळीपर्यंत पातेल्यात तीन रंग झाले.
वाल इथल्यांचे,
चवळी पुन्हा पुन्हा येणाऱ्यांची,
आणि जो दुसऱ्या फळ्यावरून विचारत विचारत आला
त्याचा राजमा.
पहिला राजमा पडला तेव्हा
परबबाईंनी हाक मारून वरूनच दाखवला,
दोन बोटांत धरून, सोनाराने खडा धरावा तसा.

तिथून मी बिघडलो.
'उद्या पाणी नाही' लिहिलं: एकशे बारा.
'मंडळाच्या हिशेबात घोळ': दोनशे सहा, आणि एक धमकी.
आईच्या चष्म्यावर सात ओळी लिहिल्या: नऊ.
त्यातली एक चवळी.
मग पाणी, घोळ, घोळ, पाणी.
तांडेलने निरोप धाडला,
तुझा फळा वॉर्ड ऑफिसने घेतला काय रे?

एका सकाळी बघतो तर
माझ्या 'आणी'वर काट मारून
शेजारी कुणीतरी बारीक 'णि' काढलेला.
त्याखाली, पोपड्याला वळसा घालून:
चष्म्याचं पुढे काय झालं?

पातेलं ढवळून पाहिलं. ह्याचा वाल कुठला?
परबबाई म्हणाल्या, "दहाला मी दार लावते.
रात्रीचे माझ्याकडे नाहीत."

त्या रात्री गिरणीच्या पायरीवर बसलो.
साडेअकरा, कुत्री. साडेबारा, तीच कुत्री.
पावणेदोनला बँकेचा रखवालदार आला, हातात टॉर्च.
उजेडाचा गोल एकेका अक्षरावर ठेवत
तो पाण्याच्या बातमीतून चालत गेला,
कोपऱ्याशी अडखळला,
वाक्य संपलं की पुढे आहे ते कळेना त्याला.
परत मागे आला. परत गेला.
त्याच्या खिशात खडू नव्हता, मी विचारलं.
म्हणजे तो कुणी दुसराच.
मी मोजायला घेतलं
आणि एकावरच थांबलो.

रविवारी परबबाई आठवड्याचा आकडा वहीत उतरवतात,
वाल भिजत घालतात.
राजमा मात्र पुसून परत बरणीत.
मंगळवारी माझ्याकडे डबा येतो.
ह्या वेळचे वाचक, खोबरं घालूनसुद्धा,
दोघांना जेमतेम पुरले.
"पाणी कमी लिहिलंस वाटतं," त्या म्हणाल्या.

चष्म्याची एक काडी तुटली होती,
आईने ती निळ्या दोऱ्याने बांधली होती.
तिथून सुरू करतो.