मापावरची मूठ

शनिवारी पहाटे पाचला
मी गॅरेजचं शटर वर करते.
गाडी नवऱ्याच्या आजारपणात विकली,
आता तिथं बटाट्याची पोती उतरतात.

रिओबाम्बाच्या आमच्या गल्लीत थंडी अशी,
की पेन्सिल धरण्याआधी बोटं चोळावी लागतात.
वही माझ्याकडे असते.
एकतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली,
आता बेचाळीस घरांची नावं वाचते;
"हजर" कुणी म्हणत नाही,
नुसती टोपली पुढं सरकवतात.

काटा मात्र ट्रान्सितोंचा.
वरच्या वस्तीवरून पाठीला बांधून आणला,
पहिल्या बैठकीत मधोमध ठेवला नि म्हणाल्या,
"सासरा जन्मभर दलालाच्या काट्यावर माल घालत आला.
पोतं घरून निघायचं पंचेचाळीस किलोचं,
बाजारात पोचेतो एकोणचाळीसचं व्हायचं.
मधले सहा कुठं सांडायचे, ते चिंबोराझोलाच ठाऊक.
आता काटा आमचा. हवं तर उलटा करून बघा."
आम्ही खरंच उलटा करून बघितला.
शहरातली माणसं आम्ही.
लाज वाटायला वेळ लागतो.

भांडलो ते भावावरून.
हॉटेलच्या चादरींना इस्त्री करणारी नार्सिसा म्हणाली,
"या भावानं माझी पोरं अर्धपोटी राहतील."
ट्रान्सितोंनी बोटं मोडून मोजलं:
बेणं, मेंढ्यांचं खत, खांदणी, ट्रकचं भाडं,
"आणि माझी कंबर?
ती कुठल्या रकान्यात लिहाल, बाई?"

माझ्या वहीत कमरेचा रकाना नव्हता.
तो आखायला साडेतीन तास लागले,
आणि दालचिनीच्या पाण्याच्या दोन किटल्या.
ज्यांना झेपेल त्यांनी थोडं जास्त द्यायचं,
नार्सिसानं थोडं कमी,
आणि कोण किती देतं, ते वहीच्या बाहेर जायचं नाही.
घरी जाताना
कुणीच कुणाशी फारसं बोललं नाही.

मग फेब्रुवारीत दंव पडलं.
एका रात्रीत शेतं काळी,
जसं कुणी उकळतं पाणी ओतून गेलं.
त्या शनिवारी पोत्यांतून निघाले
गोट्यांएवढे बटाटे.
इंजिनिअर बाल्सेका म्हणाले,
घाऊक बाजारात याच पैशात मुठीएवढे मिळतात.
खोटं नव्हतं ते.
सात घरं त्यांच्यामागं गेली.
मी नावं खोडली नाहीत,
पेन्सिलीनं हलकी रेघ मारली फक्त.

टोपली पहिल्यांदा पुढं केली नार्सिसानं.
"घाला. सालासकट उकडले
की गोट्याही पोटात जातात."

ट्रान्सितोंनी तोललं. काटा खुणेवर आला,
आणि नेहमीसारखी त्यांनी
वर एक मूठ टाकली.
यापा म्हणतात इथं तिला.
मी म्हटलं, "यंदा राहू द्या हो."
त्यांनी ऐकलंच नाही; पुढच्या टोपलीतही टाकली.
मापात पाप, हे ऐकतच वाढलो आपण;
मापावर काय असतं,
ते मला कुणी शिकवलं नव्हतं,
मीही वर्गात कधी शिकवलं नाही.

"ही कुठं लिहू?"
"ती लिहायची नसते, बाई."

ऑगस्टात तीन घरं परत आली.
बाल्सेका नाहीत.
फाटकापाशी भेटतात, पावसापाण्याचं बोलतात,
माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतात.
त्यांच्या नावावरची रेघ
अजून पेन्सिलीचीच आहे.