हिरव्यात शोधू नका

हिरव्यात शोधू नका, म्हणायचा शेम्हिलूमामा,
इथे सगळंच हिरवं.
उसांबाराच्या डोंगरात दगडसुद्धा
एका पावसाळ्यात हिरवा होतो.

आधी कान द्या.
गंजक्या बिजागरीसारखं वर कुणी खाकरतं,
चारदा, मग आणखी घोगरं, आणखी सावकाश.
तो टुराको.
माकड असतं तर फांदी डोलली असती.

मग फांदी बघा.
तिच्यावरून तो खारीसारखा पळतो,
एक बोट मागेपुढे वळवून साल धरतो,
उंबरांच्या झुपक्यापाशी थांबतो
आणि मान तिरकी करून तुम्हालाच ओळखू पाहतो.
तेवढ्यात घ्या बघून:
डोळ्याभोवती लाल कडं,
खाली पांढरी रेघ, घाईत ओढलेली,
तुऱ्यावर लाल झाक.

आता दुर्बीण खाली.
पुस्तकातली चित्रं बसलेल्या पक्ष्याची असतात,
मामा चिडायचा त्यावर.
बसलेला टुराको म्हणजे मिटलेली छत्री.
त्याला जाताना बघायचं.
दरी ओलांडायला तो पंख उघडतो
आणि आतलं अस्तर दिसतं,
लाल,
तीन श्वास, फार तर चार.

त्या लालात तांबं असतं. सोड्यात ते सुटतं.
हसताय. आम्हीही हसलो होतो.
चहाच्या कारखान्यातून मामा एकदा
खिशात पीस ठेवून घरी आला
आणि मवांतुमुमामीने न बघता
शर्ट सोड्याच्या पाण्यात बुडवला.
पीस फिकं, खिसा गुलाबी.
मामी आठवडाभर बोलली नाही.
मामाने तोच शर्ट अकरा वर्षं घातला.
मुहेझाच्या बाजारात, केळ्यांच्या गाड्यांमागे,
मी त्याला त्या खिशावरून हुडकायचे.

पुढे मोतीबिंदू उतरला.
तो पायवाटेवर बूड टेकून नुसतं विचारायचा,
उडाला?
उडाला.
दिसलं?
दिसलं, मी म्हणायचे.
दोनदा दिसलं नव्हतं. धुकं होतं.
दोन्ही वेळा तो म्हणाला, बरं झालं,
आणि खिशावर हात ठेवून
बराच वेळ तिकडेच तोंड करून बसला.

श्श.
डावीकडे, त्या कापराच्या झाडावर
बिजागरी.

थांबा, मान वर करू नका अजून.