सज्जाखाली

वेल्गानं माझी पाठ मागितली तेव्हा
पियानोचा पट्टा अजून खांद्यावरच होता.
म्हणाली, समोरच्या घराचा एक पुतळा
मानेपासून कमरेपर्यंत उखडलाय,
सज्जाखाली वाकलेला. साचा हवाय.
दोन तास फक्त.

रीगातले जिने मला पाठ आहेत.
कुठल्या वळणावर कठडा पोटात शिरतो,
कुठल्या घराची सोळावी पायरी बुटकी,
कुठे श्वास सोडायचा, आणि कुठे
सोडलात तर पियानोही तुम्हाला सोडतो.
एकतीस वर्षं या शहरानं मला
आतून घडवलंय, जिन्याजिन्यानं.
दर्शनी बाजू तेवढी राहिली होती.

काढला शर्ट. गार, ओलं प्लास्टर.
"हलू नका, इल्मार्स."
मी कशाला हलतोय.
मग ते तापलं, आवळत गेलं,
निघताना पाठीवरचे केस घेऊन निघालं.
साच्यात खांद्यांच्या जागी खड्डे,
उजवीकडचा उतरलेला.
"सरळ करून घेऊ?" वेल्गानं विचारलं.
माझ्या आधी स्कायद्रीते बोलली,
राहू दे. तसाच ओळखते मी त्याला.

तर आता मी तिथे आहे, ट्रामच्या थांब्यावर,
दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, उघडा.
चेहरा शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाचा तरी,
पाठ माझी.
वर सज्जात एक पोरगी सायकल ठेवते,
कुंडीत कांद्याची पात लावते.
बर्फ मणक्याच्या घळीत साचतो
आणि मला इकडे कोटाच्या आत हुडहुडी भरते.
खोटं वाटेल. वाटू दे.

परवा वेल्गा सहज बोलून गेली,
तो काही पेलत नाही हो,
आत लोखंडी तुळई आहे, सगळा भार तिच्यावर.
हा नुसता शोभेचा.

दोन दिवस मी नदीकडच्या रस्त्यानं गेलो.

तिसऱ्या दिवशी, चौथ्या मजल्यावरून उतरताना
मिकेल्सचा पाय घसरला,
अख्खा पियानो माझ्याकडे आला,
आतल्या तारा एकदम कण्हल्या,
आणि त्या क्षणी मला, कशी कोण जाणे,
ती तुळई आठवली.

संध्याकाळी थांब्यावर उभा राहिलो.
तो वर, उजवा खांदा पाडून.
म्हटलं, बाबा रे, तुझ्यावर काहीच नाहीये.
सरळ हो. कुणाचं घर पडणार नाही.

सात नंबरची ट्राम आली, गेली.
पाठ माझी होती.
तिला पटेना.