निळा बाकी

शहाद्यात माझा छापखाना. लग्नपत्रिका जास्त.
पिवळी प्लेट, लाल, निळी, मग काळी.
केसभर सरकली एखादी
की गणपतीला दोन सोंडा.
म्हणून कॅमेराही घेतला तो काळापांढराच,
पुढे फिल्टरचं चाक लावून,
एकेक रंग वेगळा टिपणारा.

हिलालचा रंगीत.
नाव हिलाल, आणि अंधारासाठी
सात पायरीचा घाट चढायचा माझ्यासोबत.
त्याच्या सेन्सरवर कणाकणाला टोपी घातलेली,
एक लाल, एक निळी, दोन हिरव्या.
ज्याच्याकडे जो रंग नाही
तो शेजाऱ्याला विचारून भरायचा.
उसनवारी, मी म्हणायचो.
"गाव आसंच चालस," तो म्हणायचा.

तोरणमाळ, मार्गशीर्षातली अमावस्या.
तळ्यावर वाफ. कृत्तिका थेट डोक्यावर.
त्याने बटण दाबलं आणि घोंगडीत शिरला.
मी लाल मोजत बसलो,
तीन-तीन मिनिटांच्या वीस फ्रेम.
"तुले कितला येळ लागस रे भो!"
मग थर्मासचं टोपण हरवलं.
मोबाइलची बॅटरी लावून शोधलं त्याने,
माझी एक फ्रेम जाळून.

हिरवा संपला
आणि गुजरातकडून ढग आले.

कृत्तिकांभोवती जी राख दिसते ती निळी असते.
माझ्याकडे निळं सोडून सगळं होतं.
त्याच्या पडद्यावर अख्खं चित्र,
जरा दाणेदार, पण अख्खं.
तो हसला नाही.
तेच जास्त लागलं.

पौषात लग्नं नसतात, रात्री मोकळ्या,
तर धुकं.
तेवढ्यात हिलाल सुरतेला गेला
साड्यांचे कॅटलॉग काढायला.
रंग चुकला तर माल परत येतो, सांगत होता फोनवर,
आता एका मोरपंखीवर अर्धा दिवस जातो.
कितला येळ, मी विचारलं नाही.

माघात एकटाच चढलो.
कृत्तिका पश्चिमेला कललेल्या, वारा पडलेला.
निळा मिळाला, वीसच्या वीस.
थर्मासचं टोपण थर्मासवरच.

आज मशीन बंद करून
तिन्ही थर एकावर एक ठेवतोय.
सॉफ्टवेअर विचारतं,
लालची चौदावी फ्रेम खराब आहे, वगळू?
एकोणीस पुरतात.
मी नको म्हणालो.

आभाळाचा डावा कोपरा थोडा लाल आलाय.
गिऱ्हाईक असतं
तर पत्रिका परत आल्या असत्या.