चिमूटभर वर

वाचनालयात कॉम्प्युटर एकच, पंखा घरघरणारा.
खिडकीबाहेर खाडीवर बर्फाची पातळ साय.
न्यूफाउंडलंडचा फेब्रुवारी.
हेडली रायडाउट टोपी न काढता आत आला.
हातात फाटकं पाकीट, त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं १३४०.
"ट्रूडीला मुलगी झाली. तिकडे अल्बर्टात. नऊ आठवडे आधीच.
हे ग्रॅम आहेत म्हणे. मला पौंडात सांग, डल्सी."

डाव्या चौकटीत मी आकडा टाकला,
उजवीकडे पापणी लवायच्या आत २.९५४१९४३१.
तो वाकून बघत राहिला, ओठ हलवत.
"हा ठिपका कसला? आणि त्याच्यापुढची एवढी वरात?"
मग मी औंस निवडले, उरलेला हिशेब पाकिटावरच केला :
दोन पौंड, पंधरा औंस. वर थोडंसं.
"एवढा कॉड," तो म्हणाला, "मी परत पाण्यात सोडायचो."
आणि बऱ्याच वेळानं,
"वाढायला."

चाळीस वर्षं त्यानं मासळी कँटलनं मोजली,
एकशेबारा पौंडांचा एक, खारवून वाळवलेला.
खोली मोजली हात पसरून, ओला दोर छातीवरून ओढत,
वाव, दोन वाव, तळ लागेपर्यंत.
ग्रॅम त्याच्या घरात आले ते बायकोच्या औषधांवरून.
तेव्हा तो कुणाला काही विचारायला आला नव्हता.

त्या संध्याकाळी धक्क्यावरच्या शेडमध्ये दिवा दिसला.
पिठाच्या जुन्या पिशवीत तो मीठ ओतत होता,
तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत.
मग तिचं तोंड बांधलं,
पिशवी डाव्या कोपरात घेतली
आणि नुसता उभा राहिला.
मी दारातूनच मागे फिरले.

रोज सकाळी आधी फोन, मग मी.
१३१०.
"उतरलं?"
"औंसभर. सुरुवातीला उतरतातच बाळं."
त्यानं ऐकलं असेलसं वाटत नाही.
दुसऱ्या दिवशी त्याची बाही कोपरापर्यंत पांढरी होती.
१३२५. १३९०. मग वादळ,
पाच दिवस तारा तुटलेल्या, फोन मुका.
पिशवी तेवढीच राहिली असणार.
भर घालायला आकडा नाही,
आणि अंदाजानं मीठ टाकणाऱ्यातला तो नव्हे.

मार्चअखेरीस खाडीतला बर्फ कडाकड फुटत होता
तेव्हा तो दारातच थांबला, ओल्या बुटांनी, आत येईना.
"दोन हजार दोनशे सत्तर."
मी कीबोर्डकडे वळले.
"राहू दे," तो म्हणाला. कोपर जरासं वर केलं,
रिकामंच, आणि तोललं.
"पाच. पाच, आणि चिमूटभर वर."

तो गेल्यावर मी टाकून पाहिलं.
५.००४४९३३५.
उंबऱ्यावर मिठाचे चार कण होते.