एकाच प्लेटवरून

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकवीस वर्षं
मी नोटांचे ताव तपासले.
अंगठ्यानं कोपरा उचलायचा, नजर तिरकी सोडायची.
चूक शोधावी लागत नाही,
ती आपणहून वर येते.

आता दवाखान्यातला एक मुलगा
टेपवर आकडे सोडतो माझ्यासाठी.
प्रत्येक आकडा मागच्या आकड्यात मिळवायचा,
आपल्या उत्तरात नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं.
तीन. पाच.
आठ, म्हणाले.
सात.
बारा.
नऊ.
एकवीस, म्हणाले, आणि मुलाचं पेन हललं.
सोळा हवं होतं.
एकवीस तोंडात बसलंय, भाऊ, तेवढी नोकरी झालीय.

दाराजवळच्या खुर्चीत लतिका.
तिचे ओठ हलत होते.
सोळा तिला आलं होतं का, मी विचारलं नाही.

ललिता नि लतिका, साडेचार मिनिटांच्या अंतरानं.
तीच अक्षरं जरा इकडची तिकडे केलेली,
भगूरची मावशी पन्नाशीतही चुकते.

आथरे डॉक्टरांच्या घरी मोहाडीला द्राक्षं.
म्हणून ते म्हणाले,
एकाच काडीची दोन कलमं असतात ना,
एकावर डाऊनी येतो, शेजारचं हिरवंगार.
मी म्हटलं, डॉक्टर, मला कागदातलं सांगा.
ते थांबले. चष्मा पुसला.
मग म्हणाले, एकाच प्लेटवरून निघालेले दोन ताव समजा.
प्लेटवर बारीक ओरखडे आहेत,
त्यातला एक ठळक, सहाव्या गुणसूत्रावर,
दोघींच्याही.
पण छापताना हवा असते, शाई असते,
कधीचा तरी एखादा विषाणू, कमी पडलेलं ऊन.
तुमच्यावर उमटलं.
आणि हिच्यावर?
अशा चार जोड्यांत साधारण तीन वेळा दुसरी सुटते.
साधारण, हा शब्द त्यांनी हळू उच्चारला.

मग माझा मेंदू उजेडाला धरला त्यांनी.
आम्ही ताव असेच धरायचो, जलचिन्ह बघायला.
पांढरे ठिपके.
वायरीवरचं रबर जागोजाग सोललेलं,
म्हणून शब्द निघतो पण पोचत नाही,
म्हणून गॅसपाशी उभी राहून मी विचार करते
की मी गॅसपाशी का उभी आहे.
काहींचं शरीर हे ठिपके भरून काढतं,
काहींचं नाही,
तेही थोडं रक्तातच लिहिलेलं असावं,
पण कुठल्या ओळीत, ते अजून नीट वाचता येत नाही, म्हणाले.
बरं वाटलं मला.
त्यांनाही सगळं वाचता येत नाही.

प्रेसमध्ये चुकलेल्या तावावर खूण करायचो,
तो वेगळ्या गठ्ठ्यात जायचा, आणि तिथून थेट कातरणीत.
लतिकाला मी हे कधीच सांगितलं नव्हतं.
आज जिन्यात सांगितलं.
ती म्हणाली, पायऱ्यांकडे बघ.

परतताना रिक्षात, बिटकोच्या पुढे,
ती रिक्षावाल्याला म्हणाली,
भाऊ, इथून त्या ह्याच्याकडे घ्या, ते आपलं...
हात हवेत फिरला.
शब्द येईना.
माझ्याकडे होता. कितीतरी दिवसांनी
पहिल्यांदा माझ्याकडे होता.
दत्तमंदिर, म्हणाले मी.

हसलो दोघी, खो खो.
रिक्षावालाही आरशात हसला.
मग तिचं हसणं माझ्याआधी थांबलं.

जुन्या सवयीनं
माझी नजर तिच्याकडे तिरकी गेली.
मी ती लगेच काढून घेतली, बाहेर रस्त्यावर ठेवली.

घरापाशी सुटे पैसे तिनंच मोजले.
दोनदा.